सकाळच्या धुरावर सायलेन्सरमध्ये विजेचा हीटर: बसवावा का?

खानापूर तालुक्यातल्या एका शिक्षकांचा प्रश्न आहे. गाडी २०१८ ची, बीएस-४ पेट्रोल. घरापासून स्टेशन अडीच-तीन किलोमीटर; तिथं गाडी लावायची आणि रेल्वेनं बेळगाव. डिसेंबर-जानेवारीत सकाळी गाडी सुरू केली की पांढरा धूर आणि नाकाला झोंबणारा वास पडवीतून घरात शिरतो, आईंना ठसका लागतो. मिस्त्री म्हणतो, पाच मिनिटं जाग्यावर तापवा. दरम्यान त्यांनी एका व्हिडिओत एक्झॉस्टच्या आत बसवलेला विजेचा हीटर बघितला. तसा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत करून मिळेल का, असं त्यांनी विचारलंय. जोडीला मेहुण्यांच्या बीएस-६ डिझेल टेम्पोचा डॅशबोर्डवरचा इशाऱ्याचा दिवा सारखा लागतो, त्याचंही विचारलंय.

हीटर बसवू नका. ती चीज खरी आहे, चांगली आहे, पण तयार गाडीला मागाहून लावायची नाही. का ते सविस्तर सांगतो, कारण नुसतं ‘नको’ म्हटलं तर उद्या कुणीतरी तुम्हाला करून देईल. पण त्याआधी एक काम उद्यापासूनच करा: गाडी पडवीतून ढकलून अंगणात आणा आणि मगच सेल मारा. थंड इंजिनला कॉम्प्युटर जादा पेट्रोल देतो, आणि त्या पहिल्या मिनिटात धुरातला कार्बन मोनॉक्साइड काही टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. हा वायू दिसत नाही, त्याला वासही नाही. आईंना ठसका लागतोय तो बाकीच्या वायूंमुळे. ठसका न लावणारा वायू त्याहून वाईट, आणि बंदिस्त पडवीत पाच मिनिटं गाडी तापवणं म्हणजे तो घरात सोडणं. मिस्त्रीचा सल्ला एवढ्याच कारणासाठी आजच बंद करा. बाकीच्या कारणांकडे पुढे येतो.

आता धूर. तुम्हाला दिसतो तो पांढरा धूर बहुतेक सगळा पाण्याची वाफ आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. गरम सायलेन्सरमधून ते न दिसता निघून जातं, थंड सायलेन्सरमध्ये थेंब होऊन साठतं. त्याची काळजी नको. (काळजी सायलेन्सरची करा: रोज तीन किलोमीटरच गाडी चालली तर ते पाणी कधी वाळतच नाही आणि मागचा डबा आतून गंजून खालच्या बाजूनं फुटतो. डब्याला खाली बारीक भोक असतं, ते चिखलानं बुजलंय का ते बघा.) धूर निळसर असेल तर ऑइल जळतंय, काळा असेल तर मिश्रण फारच जाड आहे, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल जास्त. तुमच्या वर्णनावरून तसं वाटत नाही. झोंबणारा वास मात्र अर्धवट जळालेल्या पेट्रोलचा, आणि तुमच्या प्रश्नाचं मूळ तिथं आहे.

गाडीखाली, किंवा तुमच्या गाडीत बहुधा इंजिनला लागूनच, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे. आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक चौकोनी भोकांची सिरॅमिकची वीट, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा अगदी पातळ लेप. कार्बन मोनॉक्साइड, न जळालेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं हे तिन्ही वायू हा लेप निरुपद्रवी करून सोडतो. अट एकच. लेप साधारण २५० ते ३०० अंशांपर्यंत तापला पाहिजे. त्याच्या आत तो जवळजवळ झोपलेला असतो, इंजिनमधून येईल ते तसंच बाहेर जातं. आजच्या पेट्रोल गाडीच्या एकूण हायड्रोकार्बनचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा मोठा हिस्सा या पहिल्या अर्ध्या-दीड मिनिटातच बाहेर पडतो. पुढं तासभर गाडी चालली तरी तेवढा निघत नाही.

इथं लोकांचा एक समज असतो. हे सगळं युरोपचं दुखणं, तिकडं बर्फ पडतो, आपल्याकडं काय थंडी! बेळगाव साडेसातशे मीटरवर आहे, गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात ते उगाच नाही, खानापूर-जांबोटीकडं जानेवारीत पहाटे पारा बारा-तेरावर येतो. पण कन्व्हर्टरच्या नजरेतून बघा. बारा अंशांवरून ३०० वर जायला २८८ अंश चढायचे. एप्रिलच्या सकाळी बत्तीसवरून निघालात तर २६८. फरक जेमतेम सात टक्के. म्हणजे कन्व्हर्टरला जानेवारी आणि एप्रिल जवळपास सारखेच. थंडीत जास्त त्रास होतो तो इंजिनच्या बाजूनं, कारण गार सिलिंडरच्या भिंतींवर पेट्रोल चिकटतं आणि ते भरून काढायला कॉम्प्युटर आणखी पेट्रोल ओततो. पण वीट तापेपर्यंतचा काळ बाराही महिने वाया जातो. उन्हाळ्यात वाफ दिसत नाही, एवढंच.

आणि तुमचा रोजचा प्रवास किती? अडीच-तीन किलोमीटर. गाडी मंजूर होताना प्रयोगशाळेत रोलरवर जी चाचणी होते ती ११८० सेकंदांची, अंतर पावणेअकरा किलोमीटरच्या आसपास. सुरुवात थंड इंजिननंच होते, हे खरं. पण पहिल्या मिनिटातली घाण जवळपास अकरा किलोमीटरवर वाटली जाते आणि मग ग्रॅम प्रति किलोमीटर असा आकडा येतो. कार्बन मोनॉक्साइड १ ग्रॅम, हायड्रोकार्बन ०.१ ग्रॅम, या पेट्रोल गाडीच्या मर्यादा बीएस-४ मध्ये होत्या त्याच बीएस-६ मध्ये आहेत. तुमच्या प्रवासात तीच घाण तीनवर वाटली जाते. गाडी कायद्यानं पास, आणि स्टेशनपर्यंतच्या रस्त्यावर तिचा खरा आकडा कितीतरी वर. यात कंपनीची लबाडी नाही, गणितच तसं आहे.

पेट्रोल पंपाशेजारच्या टपरीवर जी तपासणी होते, आपल्याकडं एमिशन टेस्ट आणि कोल्हापूर हद्दीत गेलं की पीयूसी, तिच्यात तर हे कधीच दिसणार नाही. तुम्ही तिथं पोचेपर्यंत गाडी तापलेली असते. बीएस-४ पेट्रोल गाडीला आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम ही मर्यादा, २५०० च्या आसपास रेस करून ०.२ टक्के. तापलेल्या कन्व्हर्टरची धडधाकट गाडी यात सहज बसते. सर्टिफिकेट हातात आहे म्हणून सकाळचा वास खोटा ठरत नाही.

आता तो विजेचा हीटर. कल्पना नवी नाही. नव्वदीच्या दशकात कॅलिफोर्नियानं नियम आवळायला सुरुवात केली तेव्हा सगळ्यांच्या डोक्यात हेच आलं: धुराची वाट कशाला बघायची, वीट विजेनं तापवा. १९९५ मध्ये बीएमडब्ल्यूच्या बारा सिलिंडरच्या गाडीवर बेतलेल्या अल्पिना बी१२ मध्ये तो विकायच्या गाडीत आलाही. रचना अशी. सिरॅमिकला वीज धड वाहून नेता येत नाही, म्हणून लोखंड-क्रोमियम-ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पत्रा घेतात, मिलिमीटरचा विसावा भाग जाडीचा. एक सपाट, एक नागमोडी असे थर एकावर एक ठेवून इंग्रजी एसच्या आकारात गुंडाळतात, की त्याची चकती होते. थरांच्या गुंडाळ्यांमध्ये विजेच्या दृष्टीनं फट सोडतात, म्हणजे करंट आडवा न पळता पूर्ण लांबीनं फिरतो. चकती बोटभर जाडीची, तिच्यावरही तोच मौल्यवान लेप, आणि मागं नेहमीची मोठी वीट. इन्सुलेट केलेल्या खिळ्यांनी चकती विटेला धरून ठेवलेली, नाहीतर दोन हजार किलोमीटरच्या खडखडाटात ती लोंबकळायला लागेल.

चकतीच का, अख्खी वीट का नाही? हिशोब करू. तुमच्या गाडीतली लिटरभर आकाराची सिरॅमिक वीट साधारण सहाशे ग्रॅम धरा. ती बारावरून ३०० वर न्यायला १७० किलोज्यूलच्या आसपास उष्णता लागते. पाव किलोच्या धातूच्या चकतीला पस्तीस-छत्तीस पुरतात. चार किलोवॅटचा हीटर असेल तर चकती नऊ सेकंदांत तयार. ती पेटली की तिच्यावरच कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन जळायला लागतात, त्या जळण्याची उष्णता मागच्या विटेला मिळते आणि पुढचं काम रसायनच करतं. त्या वेळी इंजिनमधून सेकंदाला तीन-चार ग्रॅम वायू येत असतो. त्याला अडीचशे अंश तापवायला साधारण एक किलोवॅट जातो. तो वाया जात नाही, गरम वायू मागं विटेतच शिरतो.

ऊर्जा किती लागली? चार किलोवॅट, वीस सेकंद: ८० किलोज्यूल, म्हणजे २२ वॅट-अवर. तुमच्या ३५ अँपिअर-अवरच्या बॅटरीत ४२० आहेत. पाच टक्के. इथपर्यंत वाचून उद्यमबागेतला कुठलाही हुशार फिटर म्हणेल, अहो मग अडतंय कुठं?

अडतंय करंटमध्ये. बारा व्होल्टवर चार किलोवॅट म्हणजे ३३३ अँपिअर. छोट्या पेट्रोल गाडीचा स्टार्टर शे-दोनशे अँपिअर ओढतो, तोही सेकंद-दोन सेकंद, आणि तेवढ्यातही हेडलाइट मंद होतो हे तुम्ही बघितलंय. इथं तिप्पट-दुप्पट करंट सलग वीस सेकंद हवा, आणि तोही नेमका इंजिन सुरू होण्याच्या वेळी, थंडीनं बॅटरी आधीच मलूल असताना. अल्टरनेटर सत्तर-ऐंशी अँपिअर देणार, म्हणजे जेमतेम एक किलोवॅट. चकतीचा एकूण रोध ०.०३६ ओहम, बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी बुरशी धरली असेल तर तिचाच रोध त्याच्या तोडीस तोड होईल आणि कन्व्हर्टरऐवजी टर्मिनल तापेल. अल्पिनासारख्या अवाढव्य गाडीत मोठी बॅटरी आणि मनगटाएवढी केबल टाकायला जागा होती, गिऱ्हाईकही पैशाला बघणारं नव्हतं. बाकीच्यांनी दुसरी वाट धरली. कन्व्हर्टर मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर आणणाऱ्या पाइपांच्या जुडग्याला, चिकटवला, विटेच्या भिंती पातळ केल्या, लेप सुधारला, आणि थंड इंजिनवर स्पार्क मुद्दाम उशिरा देऊन रेस वाढवली, म्हणजे जळण्याची उष्णता पिस्टन ढकलण्याऐवजी एक्झॉस्टमध्ये जाईल. सकाळी सुरू केल्यावर पहिली तीस-चाळीस सेकंदं तुमची गाडी हजार-बाराशेच्या वर गुरगुरते ना? ती कन्व्हर्टर तापवतेय. पेट्रोल जाळून, पण एकही जादा पार्ट न लावता. पंचवीस वर्षं हाच उपाय चालला आणि विजेचा हीटर कपाटात गेला.

तो पुन्हा बाहेर आला काही नव्या गाड्यांतल्या ४८ व्होल्टच्या वीजजोडणीमुळे. तेच चार किलोवॅट ४८ व्होल्टवर ८३ अँपिअरमध्ये बसतात. केबल, रिले, सगळं आवाक्यात येतं. दुसरं कारण हायब्रिड, म्हणजे इंजिन आणि बॅटरी दोन्हीवर चालणारी गाडी. हायब्रिडमध्ये इंजिन सारखं बंद-चालू होतं, बंद असताना कन्व्हर्टर निवतो, आणि मग चढावर किंवा ओव्हरटेक करताना इंजिनला एकदम पूर्ण जोरात जागं केलं जातं. थंड विटेवर भरधाव धूर, याहून वाईट काही नाही. पण हायब्रिडला एक सवड आहे जी तुमच्या गाडीला नाही: पहिला किलोमीटर बॅटरीवर जाता येतं, तेवढ्यात हीटर लावून घ्यायचा आणि मग इंजिन सुरू करायचं. साध्या गाडीत ड्रायव्हर किल्ली फिरवतो त्या क्षणी त्याला निघायचं असतं. दार उघडल्याबरोबर हीटर चालू करावा म्हटलं तर वायू वाहत नसल्यानं चकती लाल होते आणि मागची वीट गारच राहते. मग इंजिन सुरू झालं की पहिल्या थंड झोतानं चकतीची उष्णता पळवली. त्यावर छोटा पंखा लावून हवा फिरवायची, असाही उपाय आहे. प्रत्येक उपायाबरोबर एक पार्ट, एक वायर, एक बिघाड वाढतो.

युरोपात युरो-७ च्या चर्चेच्या काळात या हीटरला फार भाव आला होता. २०२४ मध्ये नियम मंजूर झाले तेव्हा कारच्या धुराचे आकडे जवळपास युरो-६ चेच राहिले आणि ती घाई थोडी ओसरली. आपल्याकडं १ एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं आणि १ एप्रिल २०२३ पासून रस्त्यावरची खरी चाचणीही जोडली गेली. माझं मत विचाराल तर पेट्रोलच्या छोट्या गाडीत हा हीटर आपल्याकडं सरसकट येणार नाही. मोठ्या डिझेलमध्ये आणि महागड्या हायब्रिडमध्ये त्याचं खरं स्थान आहे.

आता ‘करून मिळेल का’ याबद्दल. उद्यमबागेत, मच्छेत हात चांगले आहेत, फाउंड्रीवाल्यांना हजार अंशाचं नवल नाही. त्यामुळंच भीती वाटते. सगळ्यात सोपा जुगाड म्हणजे कन्व्हर्टरच्या बाहेरून हीटरचा पट्टा गुंडाळणं. बारा व्होल्टचे शे-दीडशे वॅटचे पट्टे सहज मिळतात. कन्व्हर्टर कापून बघितलाय कुणी? बाहेरचा स्टीलचा डबा आणि आतली वीट यांच्यामध्ये जाड चटई असते, सिरॅमिक तंतूंची. ती विटेला धक्क्यापासून जपते आणि उष्णता बाहेर जाऊ देत नाही. बाहेरची आतही जाऊ देत नाही. समजा चटई नाहीच, आणि १५० वॅटमधला प्रत्येक वॅट विटेत शिरला, तरी १७० किलोज्यूलला एकोणीस मिनिटं लागतील. तोवर तुमची रेल्वे देसूर स्टेशन ओलांडून गेली. दरम्यान पट्ट्याशेजारी पेट्रोलची नळी, वायरिंग, रबर.

आतून चकती बसवायची तर वायर डब्यातून आत न्यायची कशी? तो जोड वायूला घट्ट, विजेला इन्सुलेट, आठशे अंशाला टिकणारा आणि रोज पाण्यानं भिजून पुन्हा वाळणारा हवा. त्याच्यावर काजळी बसली की करंट काजळीतून डब्याला, म्हणजे बॉडीला, पळतो. कंपन्यांची वर्षं या एका जोडात गेली आहेत. शिवाय चकती किती तापली हे बघून करंट तोडणारं डोकं हवं. नाहीतर पत्रा वितळून तुकडे विटेत अडकतील, गाडीचा पिकअप बसेल, आणि मग अख्खा कन्व्हर्टर बदला. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. वर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच: कंपनीनं मंजूर करून घेतलेल्या गाडीच्या मूळ रचनेत असा फेरफार चालत नाही.

मग करायचं काय? तुमच्या एक्झॉस्टमध्ये विजेचा एक हीटर कारखान्यातूनच बसून आलेला आहे. आधी तो चालतोय का ते बघा. कन्व्हर्टरच्या तोंडाशी स्पार्क प्लगसारखा दिसणारा ऑक्सिजन सेन्सर असतो, गॅरेजमध्ये ओ-टू म्हणतात. धुरात किती ऑक्सिजन उरला हे तो सांगतो, त्यावर कॉम्प्युटर पेट्रोल मोजून देतो. पण सेन्सरसुद्धा तीनशे-साडेतीनशे अंश झाल्याशिवाय बोलत नाही. म्हणून त्याच्या पोटात छोटा हीटर असतो, जो त्याला पंधरा-वीस सेकंदांत कामाला लावतो. चार वायरींच्या सेन्सरमध्ये दोन वायरी हीटरच्याच. हा हीटर जळाला किंवा त्याचा फ्यूज उडाला तर गाडी चालते, पिकअपही फारसा बिघडत नाही, पण सेन्सर धुरानं तापेपर्यंत कॉम्प्युटर आंधळेपणानं जाड मिश्रण देत राहतो. तुमच्या तीन किलोमीटरमधले किती मीटर असे जात असतील, विचार करा. स्कॅनर लावला की पी०१३५ सारखा कोड दिसतो. सेन्सर बदलताना स्वस्तातला ‘युनिव्हर्सल’ घेऊन वायरी पिळून जोडू देऊ नका. गाडीच्या सॉकेटचाच घ्या. आणि सकाळी बोनेटखाली पाणी मारून इंजिन धुवायची सवय असेल तर सोडा. सेन्सरच्या आतलं सिरॅमिक तापलेलं असताना पाण्याचा थेंब बसला की तडकतं. कंपन्या तर एक्झॉस्टमधलं पाणी वाळेपर्यंत हीटरला मुद्दाम दमानं घेतात.

दुसरी गोष्ट थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडं जाऊ न देणारा वॉल्व्ह. आपल्या भागात हा मोठा रोग आहे. उन्हाळ्यात कधीतरी गाडी गरम झाली की मिस्त्री थर्मोस्टॅट वॉल्व्ह काढून बाजूला टाकतो, ‘आता कायम गार राहील’ म्हणून शाबासकीही घेतो. गार राहते, हेच तर वाईट. पाणी पहिल्या सेकंदापासून रेडिएटरमध्ये फिरतं, ऐंशी-नव्वद अंश यायला हवेत तिथं काटा निम्म्यावर अडकतो, आणि कॉम्प्युटर समजतो इंजिन अजून थंडच आहे. पेट्रोल जादा, ॲव्हरेज कमी, सिलिंडरची झीज जास्त, आणि सकाळचा वास स्टेशनपर्यंत सोबत. तुमच्या गाडीत वॉल्व्ह आहे का हे विचारू नका, बघून घ्या: गाडी सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं रेडिएटरचा वरचा होज गार राहिला पाहिजे आणि मग एकदम गरम झाला पाहिजे. सुरुवातीपासून हळूहळू कोमट होत असेल तर आत काही नाही, किंवा आहे ते उघडंच अडकलंय.

तिसरं, मॅनिफोल्डच्या गॅस्केटजवळ किंवा पुढच्या जाळीच्या पाइपला कुठं फूट आहे का. थंड असताना टकटक आवाज आणि तापल्यावर गायब, ही खूण. तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं मिश्रण पातळ आहे, आणि तो आणखी पेट्रोल मागतो. कन्व्हर्टर स्वतःच मेला असेल तर पी०४२० हा कोड येईल. पण वरच्या तीन गोष्टी न बघता केवळ त्या कोडवर कन्व्हर्टर बदलू नका, आणि कुणी ‘आतली वीट काढून टाकतो, ॲव्हरेज वाढेल’ म्हणाला तर त्याच्याकडं परत जाऊ नका.

वासात थोडा वाटा इंधनाचाही असू शकतो. आपल्याच शिवारातल्या उसाचं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत आलंय. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या अडीचपट उष्णता लागते, त्यामुळं गार इंजिनात ते पेटायला कुरकुरतं, आणि अर्धवट जळालं की ॲल्डिहाइड तयार होतं, जे नाकाडोळ्याला चुरचुरतं. ब्राझीलमध्ये शुद्ध इथेनॉलवर चालणाऱ्या गाड्यांना बोनेटखाली पेट्रोलची छोटी टाकी असायची, केवळ सकाळी सुरू करण्यासाठी. वीस टक्क्यांना तशी गरज नाही. पण गाडी आठवडाभर उभी असते का, स्पार्क प्लग वेळेवर बदलले का, हे आता पूर्वीपेक्षा जास्त महत्त्वाचं.

आणि तापवणं. आयडलिंगवर वायू कमी, उष्णता कमी. पाच मिनिटं उभी राहून जे होतं ते हळू चालवत दीड-दोन मिनिटांत होतं, आणि तेही पेट्रोल कुठंतरी पोचण्यात जातं. सेल मारा, सीटबेल्ट लावेपर्यंत ऑइल वर चढतं, निघा. पहिला किलोमीटर दोन हजार-अडीच हजारच्या आत, झटका न देता. रेस करून तापवू नका. थंड विटेवर जास्तीचा वायू सोडणं आणि तो न गाळता सोडणं एकच. तीन किलोमीटरचं अंतर खरं तर सायकलचं किंवा स्कूटरचं, पण तो निर्णय तुमचा. गाडीच न्यायची तर आठवड्यातून एकदा तरी तिला खानापूर-बेळगाव रस्त्यावर अर्धा तास सलग पळवा, सायलेन्सरमधलं पाणी वाळेल.

मेहुण्यांचा टेम्पो. गाडी तुम्ही लिहिल्याप्रमाणे एडब्लूची टाकी असलेली आहे, सकाळी गावोगावचं दूध गोळा करते आणि मधूनमधून भाजी घेऊन चोर्ला घाटानं गोव्याला जाते. इथं विजेच्या हीटरचं खरं काम आहे, कारण डिझेलचा धूर मुळातच थंड. आयडलिंगवर शंभर-दीडशे अंश. एडब्लू म्हणजे युरियाचं ३२.५ टक्के द्रावण. ते फवारून नायट्रोजन ऑक्साइड मारायचं तर एक्झॉस्ट किमान १८०-२०० अंश हवा, नाहीतर युरियाचे पांढरे खडे पाइपात साठतात. काजळीचा फिल्टर जाळून साफ करायला तर सहाशेच्या आसपास लागतात. प्रत्येक डेअरीसमोर इंजिन चालू ठेवून दहा मिनिटं गप्पा मारल्या तर यातलं काहीच होणार नाही. घाट उतरतानाही तेच: ॲक्सिलरेटर सोडलेला, डिझेल बंद, आणि इंजिन नुसती गार हवा ढकलत फिल्टर आणि कन्व्हर्टर निववतंय. मोठ्या डिझेलमध्ये अशा थंड वेळेसाठीच विजेचे हीटर बसवायला लागले आहेत.

मेहुण्यांना एवढं सांगा. दूध उतरवताना इंजिन बंद. फिल्टरचा दिवा लागला की त्याच दिवशी पंधरा-वीस मिनिटं हायवेला, एका चालीनं, एक गिअर खाली ठेवून. गोव्याहून रिकाम्या गाडीनं घाट चढताना दिवा लागला तर मध्ये चहाला थांबू नका, चढाच्या जोरावर जळू द्या. साफसफाई चालू असताना गाडी वाळल्या पाचटावर उभी करायची नाही, खाली आग लागते. एडब्लू सीलबंद डब्यातलंच; खताचा युरिया पाण्यात कालवून ओतणारे महाभाग आहेत, त्यांचा एडब्लू फवारणारा डोझर इंजेक्टर पहिल्याच पावसाळ्यात बसतो. आणि दिवा पिवळ्याचा लाल झाला असेल तर आता पळवू नका. स्कॅनरवर फिल्टरमधली काजळी किती भरली ते आधी बघा, उभ्या गाडीत जाळण्याची सोय सर्व्हिस सेंटरला असते. त्यांनी ‘फिल्टरच काढून टाकू, कॉम्प्युटरमधून बंद करू’ असं सुचवलं तर गाडी तिथून उचला.